गवा बघायला गेलो आणि पुरण शिजवत बसलो

फ्रान्समधल्या दॉर्दोन्यला कसं जायचं, कुठे राहायचं आणि शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं, हे सगळं या पोस्टमध्ये सांगणार आहे. पण एक आधीच सांगते, हे मी चिडून लिहिते आहे. सहल मे महिन्यातली. राग उतरला की लिहू म्हणून थांबले होते. आता गणपती तोंडावर आले आणि राग आहे तिथेच आहे, तेव्हा म्हटलं, रागासकटच लिहून टाकू.

गावाचं नाव देणार नाही. दॉर्दोन्य भागात, वेझेर नदीच्या जवळ, एवढं पुरे. नाव दिलं तर पुढच्या हाफ टर्मच्या सुट्टीत आमच्या इंग्लंडातल्या मराठी मंडळाच्या सात गाड्या कुकरसकट तिथे पोचतील, आणि त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही.

माझी आई साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. दरवर्षी पाचवीच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर एक गवा काढायची. फ्रान्समधल्या गुहेत हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला गवा. तिच्याकडे एका जुन्या पुस्तकातलं पुसट चित्र होतं, त्यावरून. पाठीचा उंचवटा, खाली झुकवलेलं डोकं, बारीक पाय. "माणूस लिहायच्या आधी चित्र काढत होता," असं सांगून ती खडू ठेवायची आणि मुलांना म्हणायची, आता तुम्ही काढा. मीही तिच्या वर्गात होते आणि माझा गवा म्हशीसारखा यायचा.

गेल्या हिवाळ्यात फोनवर ती सहज बोलल्यासारखं म्हणाली की वाचताना मधली अक्षरं गायब होतात. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग जातो आहे. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू पुसत जाईल, आणि तिच्या प्रकाराला फारसा उपाय नाही. हे कुणाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. "मग लोक उगाच हात धरायला येतात," म्हणाली. मी विचारलं, या वेळी इकडे आलीस की कुठे जायचं? पॅरिस? स्वित्झर्लंड? ती म्हणाली, "तो गवा कुठे असतो गं?"

सगळ्यात प्रसिद्ध गुहा लोकांसाठी बंद आहे, तिथे हुबेहूब प्रतिकृती दाखवतात. पण काही लहान गुहांमध्ये अजूनही खरी चित्रं बघता येतात. एका वेळी डझनभर माणसं, ठरलेली वेळ, बरोबर गाईड. तिकिटं ऑनलाइन सुरू झाली की लगेच काढा, नंतर मिळत नाहीत. मी दोन तिकिटांसाठी बसलेच होते.

आणि मग मी घोडचूक केली. मेडनहेडच्या हॉलमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलून बसले.

"दॉर्दोन्य? अगं, आमच्या लिस्टवर केव्हाचं आहे!" रूपाली म्हणाली. रूपाली आणि तिचा नवरा प्रसाद स्टॅनमोरचे, दोन मुलं. मंडळाच्या सगळ्या सहली प्रसादच आखतो. बेसिंगस्टोकची केतकी, सचिनची बायको, म्हणाली, "सचिनला कनूइंग करायचंच आहे. एकत्रच जाऊ ना, मोठं घर मिळेल." मराठी माणसाला दोन जणांची सहल बघवत नाही. तिळगूळ संपायच्या आत आम्ही दहा झालो होतो. माझा नवरा निखिल म्हणाला, "बरंच आहे की, सईला कंपनी मिळेल." सई आमची मुलगी, तेरा वर्षांची. गुहेची तिकिटं दहा काढली. तीही मीच.

आता रस्ता. मेडनहेडहून फोकस्टनला जा, गाडीसकट समुद्राखालच्या बोगद्यातल्या ट्रेनमध्ये चढा, कॅलेला उतरा. पुढे दॉर्दोन्यपर्यंत अख्खा दिवस जातो, त्यामुळे मधे ऑर्लेआंच्या आसपास एक मुक्काम करा, नाहीतर शेवटच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर झोप येते. हेडलाइटवर लावायचे स्टिकर्स घेऊन ठेवा. छोट्या गावांत उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं, हे विसरलात तर शिव्या खाल. ज्यांचे आईवडील भारतातून येताहेत त्यांनी शेंगेन व्हिसा तिकडूनच काढून आणायला सांगा, इथे आल्यावर तो मिळवणं जिकिरीचं आहे. आणि इंग्लंडातून युरोपात दूध-दुभत्याचं काहीही नेता येत नाही. हे मी ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तरी रूपालीच्या डिकीत तुपाचा डबा होताच. शिवाय मोठा कुकर, तवा, पोळपाट-लाटणं आणि हरभऱ्याच्या डाळीचं पाकीट. डाळ बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

प्रवासाचा पहिला दिवस मात्र छान गेला. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची, त्यामुळे टोलची खिडकी पलीकडच्या बाजूला येते. आई पुढे डावीकडे बसली होती, म्हणून टोल तिच्याकडे. पहिल्या नाक्यावर ती चाचपडली, तिकीट कुठून बाहेर येतं ते तिला दिसेना. दुसऱ्या नाक्यापासून ती हाताने अंदाज घेऊन बरोबर ओढायला लागली आणि यंत्रालाही "बोंज्यूर" म्हणायला लागली. निखिल हसून म्हणाला, "आई, तुम्हाला परमनंट जॉब देतील इथे." मागून सई ओरडली, "आजी, तू खूप कूल आहेस!" खिडकीबाहेर सरळ रेषेत लावलेली झाडं पळत होती. आई त्यांच्याकडे मान जरा वळवून बघत होती. सरळ बघत नव्हती, हे फक्त मला कळत होतं.

गाव बघितल्यावर प्रवासाचा शीण गेला. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, दगडाचीच उतरती छपरं, मागे कडा. त्या कड्यात वरपर्यंत कपारी आहेत, जिथे जुन्या काळी माणसं राहायची, आणि आता कबुतरं राहतात. आमचं घर गावाबाहेर, अक्रोडाच्या बागेत. मालकीण सत्तरीच्या आसपासची, फारसं इंग्रजी न येणारी मादाम. तिने आईचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी लांबलचक सांगितलं. आईने तितकंच लांबलचक मराठीत उत्तर दिलं. दोघींचं छान जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून खाली आले तर आई स्वयंपाकघरात उभी. दहा जणांचे पोहे.

"अगं, तू का करतेयस?"

"रूपाली म्हणाली, काकू, तुमच्या हातचे पोहे हवेत. जाग आलीच होती मला."

ज्यांना जाग आली नव्हती ते एकेक करून येऊन बसले. "काकू, क्या बात है!" प्रसाद म्हणाला. "फ्रान्समध्ये असे पोहे! काकू, तुम्ही आमच्याकडेच राहा." त्याने दुसऱ्यांदा घेतले. भांडी डिशवॉशरमध्ये लावायलाही आईच उठली.

हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल. इथे कुणाचेही आईवडील भारतातून येतात तेव्हा सगळे म्हणतात, "वा, मजा आहे त्यांची, सहा महिने आराम!" तो आराम मी मेडनहेडमध्ये घरोघरी बघते. सकाळी डबे, दुपारी नातवंडांना शाळेतून आणणं, संध्याकाळी पोळ्या, आणि शनिवारी मुलाच्या मित्रांसाठी वीस माणसांची बिर्याणी. त्या बाईने आयुष्यभर नोकरी केली असेल, बढत्या मिळवल्या असतील, वर्ग सांभाळले असतील. विमानातून उतरली की तिचं नाव काकू आणि हुद्दा स्वयंपाकीण. याला आपण प्रेम म्हणतो आणि "त्यांना आवडतं करायला" असं म्हणून हात झटकतो.

असो. किल्ला बघायला गेलो. नदीच्या वर उभ्या कड्यावर बांधलेला, समोरच्या काठावर शत्रूचा दुसरा किल्ला, एक फ्रेंचांकडे आणि एक इंग्रजांकडे. चढ आहे, पण दम लागला की टेकायला कठडे आहेत. वरून नदीचं वळण दिसतं, अक्रोडाच्या बागा दिसतात, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला किल्ल्याचं फार कौतुक नसतं, तरी आई दगडी भिंतीवर तळहात फिरवत हळूहळू चालत होती. प्रसाद घड्याळ बघत म्हणाला, "चला, हा कव्हर झाला. अजून दोन कव्हर करायचेत." किल्ले कव्हर करायला त्या काय उशा आहेत?

कनूचा दिवसही सांगते, कारण तो तुम्ही चुकवू नका. नदीकाठी बऱ्याच जणांकडे कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, भाड्याने मिळतात. ते तुम्हाला गाडीने वर नेऊन सोडतात आणि तुम्ही प्रवाहाबरोबर खाली यायचं. पाणी संथ असतं, पोहता न येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट घालून भीती नाही. किल्ल्यांच्या खालून, पुलांच्या खालून जाताना मान वर करून बघायचं. मधे वाळूच्या बेटावर थांबून आम्ही अक्रोडाचा केक खाल्ला. आईसाठी मी माझ्या कनूत पुढची जागा ठेवली होती. ती आली नाही. "तुम्ही दमून याल, आमटी-भात करून ठेवते." मी किती म्हटलं तरी ऐकेना. त्या नदीवर मी दोन तास फणफणत वल्हं मारत होते, आणि मागे बसलेली केतकी म्हणत होती, "हळू मार ना गं, पाणी उडतंय!"

मंगळवारी गावात बाजार भरतो. तिथे मात्र मी आईला एकटीला घेऊन गेले, बाकीचे झोपले होते. शाकाहारी लोकांनो, या भागात बदकावाचून पान हलत नाही. सॅलड मागवलं तरी त्यात बदक निघतं. पण बाजारात बकरीच्या दुधाचं चीज, अक्रोडाचं तेल, कडक सालीचा पाव, टोमॅटो, स्ट्रॉबेरी असं घेतलं की दोन वेळचं भागतं, आणि अंडं चालत असेल तर हॉटेलात अळंब्यांचं ऑम्लेट सगळीकडे मिळतं. आईने एका दुकानात चित्रकलेचा कोळसा बघितला. कांडी हातात घेऊन वजन बघितलं, मग ठेवून दिली.

"घे की."

"आता कशाला," ती म्हणाली. मी तिच्या नकळत घेतला.

गुहेचा दिवस उजाडला. नेमका त्याच दिवशी प्रसाद-रूपालीच्या लग्नाचा वाढदिवस होता. आम्हाला सकाळी नाश्ता झाल्यावर तीन गाड्यांतून निघायचं होतं आणि घरात नेहमीचा गोंधळ चालू होता. सईला रूपालीच्या मुलांबरोबर बसायचं होतं. सचिन चालवतो तेव्हा केतकीला गाडी लागते म्हणून ती आमच्या गाडीत पुढे बसली. मी मागे. आई दिसली नाही तेव्हा मी विचारलं, "आई कुठे?" निखिल म्हणाला, "प्रसादच्या गाडीत असेल ना, सई आहे तिथे." प्रसादची गाडी तेवढ्यात निघालीसुद्धा होती. आपण लोक गाड्यांचा ताफा घेऊन निघतो ना, तेव्हा प्रत्येक गाडीला खात्री असते की उरलेलं माणूस दुसऱ्या गाडीत आहे.

गुहेपाशी गाडी लावून थोडं चढावं लागतं, म्हाताऱ्या माणसांसाठी वेळ हाताशी ठेवा. वर दारापाशी गाईड बाई यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला मोजलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, दहा तिकिटं आहेत, तुम्ही नऊ आहात.

सईने इकडेतिकडे बघितलं. "आजी कुठे आहे? ती तुमच्या गाडीमध्ये होती ना?"

सचिनने केतकीकडे बघितलं, केतकीने रूपालीकडे. रूपाली जराशी हसली.

"अगं, काकू घरीच थांबल्यात. मी सकाळी सहज म्हटलं, काकू, आज अॅनिव्हर्सरी आहे, पुरणपोळी झाली तर काय मजा येईल! तर त्या म्हणाल्या, मी करते, तुम्ही जाऊन या. मला वाटलं, तुला माहितीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन लावला. आईने लगेच उचलला.

"मी ठीक आहे गं. डाळ शिजायला टाकली आहे. तुम्ही बघून या."

"आई, ही तिकिटं तुझ्यासाठी काढलीत!"

"मला सांगा, कसा आहे तो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घर तिथून अर्ध्या तासावर. मी गाईडला विचारलं, थांबता येईल का? त्या खरोखर वाईट वाटून म्हणाल्या की आतली हवा बिघडू नये म्हणून वेळा ठरलेल्या आहेत, त्यांच्या हातात काही नाही. त्यांच्यावर माझा राग नाही.

प्रसाद म्हणाला, "अगं, एवढं काय! आपण फोटो काढून दाखवू काकूंना."

"आत फोटो काढू देत नाहीत. मी ग्रुपवर लिहिलं होतं."

"मग यूट्यूबवर असेल ना! मूड नको खराब करूस. हॉलिडे आहे."

मी निखिलकडे हात पुढे केला. "किल्ली दे."

"मी येऊ का?" त्याने विचारलं. ज्याला यायचं असतं तो असं विचारत नाही. मी किल्ली घेतली आणि उतारावरून निघाले. मागे वळून बघितलं तर तो आत जाणाऱ्या रांगेत उभा होता.

घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघर वेलदोड्याच्या वासाने भरलं होतं. आई पुरण घोटत होती. मी सरळ जाऊन शेगडी बंद केली.

"खाली लागेल ते," ती म्हणाली.

"लागू दे! आई, तू साताऱ्याहून इथे लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलीस का? कोण लागतात हे लोक तुझे? वर्षाच्या सुरुवातीपासून मी या एका दिवसासाठी..."

ती पातेल्यातलं पुरण हलवत राहिली. शेगडी बंद होती, तरी हलवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि आत अंधारात मला काही दिसलंच नाही तर?"

"सगळे वा वा म्हणणार आणि मी नुसती भिंतीकडे बघत उभी. जन्मभर मुलांना तो गवा काढून दाखवला. आता तिथे जाऊन खोटं खोटं वा म्हणायचं? चाचपडले तर सगळ्यांना कळणार. पुरणाचं बरं असतं, ते डोळे मिटूनही जमतं." तिने पळी खाली ठेवली. "रूपालीने विचारलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं."

आता सांगा, रागवायचं कुणावर? मी खूप विचार केला, आणि तरी सांगते, त्या सगळ्यांवरच. तिच्या डोळ्यांचं त्यांना माहीत नव्हतं, कबूल. पण पाहुण्या आलेल्या म्हाताऱ्या बाईला तिच्या सहलीत चुलीपाशी उभं करू नये, हे कळायला तिचे डोळे अधू असावे लागतात का? ती घाबरून लपायला जागा शोधत होती, आणि स्वयंपाकघराचं दार यांनी इतकं सताड उघडून ठेवलं होतं की दुसरीकडे कुठे बघायची गरजच पडली नाही.

मी तिला एवढंच म्हटलं, "नाही दिसला तर नाही दिसला म्हण. पण माझ्यासमोर म्हण. इथे लपू नकोस."

बाकीचे परत आले ते खुशीत. निखिल हळूच म्हणाला, "छान होता गवा." त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुरण झालंच होतं, पण पोळ्या कुणी लाटल्या नाहीत, कारण मी लाटणं गाडीत ठेवून कुलूप लावलं होतं. जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांना सांगितलं की उद्यापासून आई स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, पाव आहे, चीज आहे, गावात दोन हॉटेलं आहेत.

"अगं, पण काकूंना आवडतं करायला!" रूपाली म्हणाली.

"तू विचारलंस त्यांना? तुझ्या सासूबाई सहा महिने राहून गेल्या, त्यांना तरी विचारलंस? लंडन किती बघितलं त्यांनी?"

रूपालीचा चेहरा पडला. प्रसाद म्हणाला, "आपण सुट्टीला आलोय, भांडायला नाही." तो दिवस वाटीत चमच्याने पुरण खाऊन साजरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत आम्ही दोघी निघालो. माहितीसाठी सांगते, रद्द झालेली तिकिटं सकाळी तिथल्या खिडकीवर देतात, पण खात्री नसते. आमच्या पुढे एक डच जोडपं होतं. त्यांच्यानंतर खिडकीतला माणूस म्हणाला, एकच उरलं आहे.

आई मला म्हणाली, "तू जा."

मी काही बोलायच्या आत कालच्या गाईड बाई बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं, मग आईकडे बघितलं. आणि आई, जिने मला शपथ घातली होती, ती पुढे होऊन त्यांना तिच्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, माय आईज आर नॉट गुड. सेंटर इज गॉन. प्लीज शो मी स्लोली."

गाईड बाईंनी तिचा हात आपल्या हातात अडकवून घेतला. दोघी चढावरून हळूहळू वर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी खाली कड्याच्या सावलीत बसून होते. समोर कुरणात गाई चरत होत्या. मला वाटत होतं, आत जिना असला तर? जमीन ओली असली तर? तिला काहीच दिसलं नाही आणि ती तशीच हसत बाहेर आली तर? प्रसादवर चिडून झालं, निखिलवर चिडून झालं, डॉक्टरांवर, सातारच्या त्या पुसट पुस्तकावर, सगळ्यांवर चिडून झालं, तरी ती येईना.

शेवटी आली. गाईडचा हात सोडून ती एकटी माझ्यापर्यंत चालत आली आणि बाकावर बसली. तिने पाणी मागितलं, प्यायली.

"सरळ बघितलं तर नुसती भिंत होती," ती म्हणाली. "मला वाटलं, झालं, संपलं. मग त्या बाईंनी बॅटरी बाजूने धरली आणि मी जरा कडेला बघितलं. तर होता तिथे. पाठीचा उंचवटा त्या काळच्या माणसांनी काढलेलाच नाहीये गं. तो दगडाचाच आहे. दगडात होता, तो त्यांनी बघितला आणि बाकीचा काढला." तिने पदराने डोळे पुसले. "इतकी वर्षं मी फळ्यावर चुकीचं शिकवत होते. आधी बघायचं असतं."

मग तिला भूक लागली. गावात येऊन आम्ही अळंब्यांचं ऑम्लेट आणि अक्रोडाचा केक खाल्ला. तिने स्वतःहून दुसरा तुकडा मागितला. घरी परतलो तर स्वयंपाकघरात सचिन आणि निखिल यूट्यूब बघून पिठलं करत होते आणि त्यात गुठळ्या झाल्या होत्या. आईने एकदा पातेल्यात डोकावून बघितलं. मी तिच्याकडे रोखून बघितलं. ती जाऊन अक्रोडाच्या झाडाखाली मादामशेजारी खुर्चीत बसली.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. आमची गाडी आम्ही वेगळी काढली. टोलनाक्यांवर आभार मानणाऱ्या आईचं "मेर्सी" तेवढं ऐकू येत होतं. बोगद्यातून बाहेर पडून डाव्या बाजूने गाडी चालवायला लागलो तेव्हा निखिल म्हणाला, "मी त्या दिवशी यायला हवं होतं." मी म्हटलं, हो.

तर दॉर्दोन्यला जा. जरूर जा. आईवडिलांना घेऊन जा. पण जाताना पोळपाट घरी ठेवा आणि निघताना मागच्या सीटवर कोण आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मंडळाच्या ग्रुपवर सहलीचा अल्बम आला आहे, त्यात आईचा एकच फोटो आहे, पोह्यांच्या कढईपाशी. खाली पंधरा जणांनी हार्ट टाकले आहेत. माझा राग का उतरत नाही म्हणून विचारणाऱ्यांनी तो फोटो बघावा.

तो कोळसा मी तिला घरी आल्यावर दिला. आता दुपारी ती आमच्या मागच्या खोलीत मोठे कागद भिंतीला लावून उभी असते, मान एका बाजूला करून. एकेका गव्याला दोन-दोन दिवस लागतात. सई शाळेतून आली की तिच्याशेजारी बसून काढते. तिचाही म्हशीसारखा येतो.

काल प्रसादचा फोन आला. स्पीकरवर होता, मी भाजी चिरत होते. "काकू, कशा आहात? गणपतीला हॉलमध्ये दीडशे लोक आहेत. उकडीचे मोदक तुमच्याशिवाय कोण करणार? नैवेद्यापुरते तरी..."

मी सुरी खाली ठेवली. आईने मला हातानेच थांबवलं.

"प्रसाद, मी येणार आहे," ती म्हणाली. "जेवायला. आणि एक सांगते, तुझ्याशी बोलताना मी तिरकं बघितलं तर राग मानू नकोस. माझी नजर मधून गेली आहे. मला आता तसंच दिसतं."

आईने फोन माझ्याकडे सरकवला आणि कोळशाने काळी झालेली बोटं पुसत ती परत आत गेली.